चार पोस्टकार्डांवर धावणारी मोटार



बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोखंडी कडे लालबुंद तापवायचे, ते फुगले की लाकडी चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे. निवताना कडे आवळते आणि चाकाला घट्ट धरून ठेवते. ही धाव चाकाला जपते; पण गाडीत बसलेल्या माणसाला काही जपत नाही. वाटेतला खडा थेट मणक्यात कळतो. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल सुखाने चालावी, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. तशी कल्पना त्याच्याही आधी, १८४५ साली, थॉमसन नावाच्या गृहस्थांनी मांडली होती, पण ती मागे पडली. डनलॉपची मात्र चालली आणि लोखंडाच्या जागी हवा आली.

आज मला बोलायचे आहे ते या हवेच्या टायरविषयी, आणि तेही स्पोर्ट्स कारच्या टायरविषयी. आपल्यापैकी कोणाच्या दारात स्पोर्ट्स कार उभी आहे, असे कोणी विचारील. माझ्याही दारात नाही, बरे का! परंतु जी गोष्ट साध्या गाडीत झाकलेली राहते, ती वेगाच्या गाडीत उघडी पडते. म्हणून हे उदाहरण घेतले.

माझा एक भाचा जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. चार वर्षे पैसे साठवून त्याने दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, जुनी स्पोर्ट्स कार घेतली. टायर झिजलेले होते, ते बदलायचे ठरले. त्याने पुष्कळ चौकशी केली, आणि कोरड्या रस्त्याला सर्वांत घट्ट धरणारे, शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेले पण रस्त्यावरही चालणारे टायर आणले. उन्हाळाभर ब्लॅक फॉरेस्टच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर तो गाडी चालवत होता. मला फोनवर म्हणायचा, "मामा, गाडी रस्त्याला अशी चिकटते की विचारू नका!"

जर्मनीत एक साधा ठोकताळा आहे. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर घालायचे. भाच्याने टायर बदलायची वेळ घेतली होती, ती दहा दिवसांनी होती. तेवढ्यात नोव्हेंबरच्या एका सकाळी, चार-पाच अंश थंडीत, ओल्या पानांनी झाकलेल्या वळणावर गाडी साबणावरून घसरावी तशी घसरली आणि कडेच्या कठड्यावर आदळली. वेग साठच्या आसपासच होता. त्याला खरचटले एवढेच. पण शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचे खांद्याजवळचे हाड मोडले. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, टायर तर सगळ्यांत चांगले होते हो!"

श्रोतेहो, त्याची चूक या एका वाक्यात आहे. 'सगळ्यांत चांगला टायर' अशी वस्तूच जगात नाही. अमुक रस्त्याला, अमुक हवेला, अमुक ओझ्याला चांगला, असाच टायर असतो. मी अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या विषयात पहिल्याच सत्रात मुलांना सांगतात की, एक मिळवायचे तर दुसरे काही सोडावे लागते. टायरच्या बाबतीत हा नियम अक्षरशः लागू पडतो.

आता जरा हिशेब करू. भाच्याची गाडी सुमारे अकराशे किलोची. चार चाके, म्हणजे एका चाकावर पावणेतीनशे किलो भार. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो. तेव्हा एका टायरची जमिनीला टेकणारी जागा किती? सुमारे १३७ चौरस सेंटिमीटर. आपले पोस्टाचे कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीचा ताठपणा यात धरलेला नाही, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण कल्पना येण्यास पुरेसा आहे. म्हणजे एवढी मोठी मोटार रस्त्याला धरून असते ती केवळ चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर! वेग वाढवणे, वळणे, थांबणे, सारे काही या चार कार्डांच्या जिवावर. इंजिन कितीही दणकट असो आणि ब्रेक कितीही करकचून लागोत, कार्ड निसटले की सारे निसटले.

टायर रुंद घेतला की ही जागा दुप्पट होते, असाही एक समज आहे. हवेचा दाब तोच असेल तर जागा जवळजवळ तेवढीच राहते. तिचा आकार बदलतो, लांबट कार्ड आडवे होते. वळणावर त्याचा फायदा मिळतो. पण साचलेल्या पाण्यात तोच रुंदपणा नडतो.

रबर रस्त्याला धरते कसे? मऊ रबर रस्त्यावरच्या बारीक खडबडीत शिरते आणि तिथे अडकते. जितके मऊ, तितकी पकड अधिक. पण तितकीच झीज अधिक. शिवाय रबराचा स्वभाव उष्णतेप्रमाणे पालटतो. थंडीत तूप कसे थिजते, तसेच काहीसे समजा. उन्हाळी टायरचे रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते. शर्यतीच्या धर्तीचे टायर तर चांगले तापल्याशिवाय आपले गुण दाखवतच नाहीत. भाच्याचे टायर त्या सकाळी थिजलेले होते. जुलैत जे मेणासारखे चिकटत होते, ते नोव्हेंबरात लाकडासारखे झाले होते.

त्यात भर पाण्याची. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते, बरे का. शेतातल्या चरांनी जसे पाणी काढून द्यावे, तसे ती नक्षी टायरखालचे पाणी बाजूला काढते. शर्यतीच्या कोरड्या दिवसाच्या टायरला नक्षी नसते, तो अगदी गुळगुळीत असतो. कारण कोरड्या रस्त्यावर जितके रबर टेकेल तितके चांगले. पाऊस आला की तोच टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतो आणि सुकाणू फिरवले तरी गाडी ऐकत नाही. फॉर्म्युला वन शर्यतींत मुसळधार पावसासाठी जो टायर असतो, तो ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असे तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते. म्हणजे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कितीतरी घागरी पाणी! मैदानावर पाऊस सुरू झाला की मोटारी धावत आत येतात आणि दोन-तीन सेकंदांत चारही टायर बदलून जातात. आपल्याला रस्त्याच्या कडेला अशी सोय नाही. म्हणून आपली निवड आधीच करावी लागते.

निवड चुकली तर मोठमोठ्यांचीही काय गत होते, त्याचे एक उदाहरण सांगतो. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वनची शर्यत होती. वीस मोटारी होत्या. त्यांपैकी चौदा मोटारींना मिशेलिनचे टायर होते, सहांना ब्रिजस्टोनचे. त्या मैदानावर तेरावे वळण एका बाजूला उतरते आहे आणि मोटारी ते भरधाव वेगात घेतात. त्यामुळे टायरच्या भिंतीवर फार ताण येतो. शुक्रवारच्या सरावातच एक मोटार त्या वळणावर टायर निकामी होऊन भिंतीवर आदळली. मिशेलिनच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आणि आपल्या संघांना स्पष्ट कळवले की, त्या वळणाचा वेग कमी केल्याशिवाय या टायरांवर शर्यत करणे धोक्याचे आहे. तडजोड झाली नाही. रविवारी वीसही मोटारी सुरुवातीच्या फेरीसाठी निघाल्या, आणि फेरी संपताच चौदा मोटारी मुकाट्याने आत वळल्या. सहाच मोटारींची शर्यत झाली. मायकेल शूमाकर पहिला आला. आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला.

प्रेक्षक खवळले. मिशेलिनने पुढे त्यांना तिकिटांचे पैसे परत देऊ केले. त्यांचे टायर वाईट होते का? मुळीच नाही. त्या वर्षी इतर मैदानांवर त्याच कंपनीच्या टायरांनी शर्यतींवर शर्यती जिंकल्या. ते फक्त त्या एका वळणासाठी योग्य नव्हते. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. आपला माल इथे धोक्याचा आहे, हे बनवणाऱ्यानेच साऱ्या जगासमोर सांगितले. नुकसान झाले, नाचक्की झाली. पण माणूस एकही गेला नाही.

बरे, दुकानात गेल्यावर ओळखायचे कसे? टायरच्या भिंतीवर सारे लिहिलेले असते. फक्त वाचले पाहिजे. भाच्याच्या टायरवर होते: २०५/४५ आर १७, ८४ डब्ल्यू. यातले २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ४५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ४५, म्हणजे सुमारे ९२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. ८४ हा भाराचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ एका टायरने ५०० किलो पेलावे. शेवटचे अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटर. गाडी तेवढी पळवायची असे नव्हे. त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता टायर सोसतो, एवढाच त्याचा अर्थ.

युरोपात प्रत्येक नव्या टायरवर एक चिठ्ठी असते. तिच्यावर ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई अशा अक्षरांत दिलेली असते. भाच्याने हे अक्षर पाहिलेच नव्हते. अमेरिकन पद्धतीच्या टायरवर झिजेचा आकडा असतो. तो २०० च्या आसपास असेल तर रबर मऊ, पकड जबर, पण आयुष्य थोडे. ५०० च्या पुढे असेल तर टिकाऊपणा अधिक. मात्र हा आकडा एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यापुरताच उपयोगी, कारण ज्याची त्याची मोजणी वेगळी पडते.

भाच्याने शेवटी काय केले? उन्हाळ्यासाठी ओल्या रस्त्यावर उत्तम पकड असलेले टायर घेतले, कोरड्यावरची थोडी पकड सोडून दिली. हिवाळ्यासाठी डोंगर आणि हिमकणाची खूण असलेला वेगळा संच घेतला. पैसे जास्त गेले खरे. पण आता तो म्हणतो, "मामा, आता थंडी पडायची वाट पाहत नाही, टायर बदलायची वेळ सप्टेंबरातच घेऊन ठेवतो."

आता आपल्याकडे वळू. आपल्याला बर्फाचे भय नाही. आपल्याला ऊन आणि पहिला पाऊस यांचे भय आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग खुला झाला. गावच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासने चालणारी जीप तिथे तासन् तास शंभरावर धावू लागली. टायर तेच, काम मात्र पालटले. इंडियानापोलिसचे तेरावे वळण आपल्या दाराशी आले, असे म्हणा ना! त्या मार्गावर परिवहन विभागाला टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली, ती याच कारणाने.

तेव्हा महामार्गावर निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हवा. ती गाडी थंड असताना तपासावी आणि चालकाच्या दाराजवळ लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. हवा कमी असली की टायरची भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि शेवटी फुटते. दुसरी, नक्षी. तिच्या चरांत तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की १.६ मिलिमीटर उरली. तिथे टायरचे आयुष्य संपले. तिसरी, वय. भिंतीवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. ३५२३ असे असेल तर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तो बनला. न वापरता पडून राहिलेले रबरही म्हातारे होते. पाच-सात वर्षे कोपऱ्यात ठेवलेली स्टेपनी नक्षीने नवी दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवारात जी गाडी उभी असेल, तिच्याजवळ मुलांना न्या. टायरवरचे आकडे वाचायला लावा. रुंदीवरून भिंतीची उंची काढायला सांगा. टायर टेकतो तिथे एक पोस्टकार्ड शेजारी ठेवा आणि म्हणा, "मुलांनो, तुमचे वडील एवढ्याशा जागेवर घरी येतात." शेकडेवारीही शिकवून होईल. आणि त्या संध्याकाळी एखादा मुलगा घरी जाऊन विचारील, "बाबा, आपल्या गाडीची हवा कधी तपासली?"

एवढे झाले तरी माझ्या आजच्या बोलण्याचे चीज झाले, असे मी समजेन.