आपापली तासिका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." पण काल संध्याकाळपासून भेटेल त्याला "कसं चाललंय?" विचारते आहे, आणि बहुतेकांचं उत्तर एकच : "दिवस कुठे जातो कळत नाही." म्हणून विषय बदलायची परवानगी घेतली. आज मी वेळापत्रकावर बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर तिला मी पुण्याला घरी आणलं. मुलगा दहावीत. माझं काम घरूनच, आणि टीमचे अर्धे लोक अमेरिकेत, म्हणजे मीटिंगा रात्री. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडा असायचा, तरी चार तासांचं काम चार दिवस रेंगाळायचं. वीस वर्षं ज्या कामाचा अभिमान बाळगला, ते हातातून निसटत चाललं होतं. राजीनाम्याचं पत्र लिहून तयार होतं, तारीख घालायची तेवढी बाकी होती. आपल्या वयाच्या किती बायका याच वळणावर नोकरी सोडतात, हे इथल्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

त्या दिवसांत इंजिनिअरिंगला शिकलेली एक गोष्ट आठवली. संगणक एकाच वेळी ढीगभर प्रोग्राम चालवतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रोसेसर थोडा वेळ एक काम करतो, ते कुठवर आलं याची नोंद ठेवतो, मग दुसऱ्याची नोंद काढून ते पुढे नेतो. या अदलाबदलीलाही वेळ लागतो. मेमरीत मावणार नाहीत इतके प्रोग्राम एकदम सुरू केले, तर यंत्राचा बहुतेक वेळ माहितीची ने-आण करण्यातच जातो. याला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पंखा घरघरतो, दिवा लुकलुकतो, काम मात्र जागच्या जागी. अशा वेळी काही प्रोग्राम बंद केले, की उरलेले सुरळीत चालतात.

माणसाचं फार वेगळं नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही भाग मागेच राहतो आणि दुसरं काम त्यामुळे खालावतं.

शाळेत याची काळजी वेळापत्रक घ्यायचं. भूगोलाची तासिका म्हणजे भूगोलच. इतिहासाच्या तासाला गणिताचा गृहपाठ उरकणाऱ्यांचं काय व्हायचं, ते मागच्या बाकांवरच्या मंडळींना आठवत असेलच! टोल पडला की वही मिटायची. आता टोल दिवसभर पडतच असतात, फोनचे, दाराचे, कुकरचे. त्यांतला आपला एकही नसतो.

मग मी तीन सवयी लावून घेतल्या.

पहिली, रात्री दप्तर भरणे. काम थांबवताना उद्या नेमकं कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहायचं. "पेमेंटचं काम" असं मोघम लिहून भागत नाही. "पैसे दोनदा परत जातात, त्याची चाचणी आधी लिही" असं लिहायचं. अपुऱ्या कामाची नेमकी योजना केली की ते डोक्यात घोळणं कमी होतं, असं मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांतही दिसलं आहे. मला त्या ओळीने झोप परत दिली.

दुसरी, सकाळच्या चहानंतर ४० मिनिटांच्या दोन तासिका, मध्ये १० मिनिटांची छोटी सुट्टी. एका तासिकेत एकच काम, आणि फोन स्वयंपाकघरात.

तिसरी, निरोप फक्त अकराला आणि चारला बघायचे. टीमला सांगितलं, अगदीच अडलं तर फोन करा. पहिल्या महिन्यात दोन फोन आले.

चहाशी सांगड घालण्याला कारण आहे. रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीमागे बांधलेली सवय लवकर रुळते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात आढळलं. आईला ताप आला तेव्हा माझ्या चार दिवसांच्या तासिका बुडाल्या. पाचव्या दिवशी चहा झाला आणि मी पुन्हा बसले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या दीड तासात आईचा चहा आणि औषधं नवरा बघतो, मुलगा आपला डबा आपण भरतो. हे आपोआप झालं नाही, बसून बोलावं लागलं. सवय एकीची असली तरी तिला घराची संमती लागते. मित्रांनो, तुमच्या घरात सकाळचा दीड तास कुणाला हवा आहे का, हे एकदा विचारून बघा.

राजीनाम्याचं पत्र अजून तारखेविनाच पडून आहे. रात्रीच्या मीटिंगा आठवड्यातून दोनवर आल्या. बाकीच्या दिवशी सातला लॅपटॉप मिटतो आणि आई मला झब्बूत हरवते.

तुम्हीही एकच तासिका धरा. कुणाचा दुकानाचा हिशेब तुंबला असेल, कुणाची पेटी कपाटावर धूळ खात असेल. रोजच्या कोणत्या गोष्टीनंतर बसायचं आणि घरात कुणाला सांगायचं, ते आजच लिहून ठेवा.

गुरुजनांनो, तुम्ही शिकवलेली बरीच सनावळी आम्ही विसरलो. पण वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही वेळापत्रक लिहायला लावत होतात, ते आज माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे.