बोअरचं पाणी आणि रात्रीचा मेसेज

घोडबंदर रोडच्या बचत गटांकडून आज आमची एक चूक सांगायची आहे.

ओवळ्याकडच्या एका चाळीत बोअरला एकदम गढूळ पाणी आलं. कुणीतरी मोबाइलवर लिहिलं, ‘जमीन हलतेय, आज रात्री भूकंप.’ आम्ही काही न विचारता तो मेसेज चार गटांत पाठवून दिला. रात्रभर बाया तान्ही पोरं घेऊन रस्त्याकडेला बसल्या. सकाळी मिस्त्रीनं पाहिलं, तर बोअरचा पाइप फुटून माती आत येत होती. लाज वाटली. भीती मात्र उगाच नव्हती. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला धक्के बसत होते, आणि गटातल्या काहींचं माहेरच तिकडचं.

मग आम्ही माहिती काढली. पाण्यात भूकंपाची खूण सापडते, हे खरं आहे. खडकावर ताण आला की बारीक भेगा पडतात, वेगवेगळ्या थरांतलं पाणी एकमेकांत मिसळतं, त्यातले क्षार बदलतात. जपानमध्ये कोबेला १७ जानेवारी १९९५ रोजी मोठा भूकंप झाला. नंतर शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या विहिरींचं बाटलीबंद पाणी गोळा केलं. बाटल्यांवर तारखा होत्याच! तपासलं तर पाण्यातलं क्लोराइड आधीच्या ऑगस्टपासून वाढत गेलेलं. पण हे कळलं सहा हजारांवर माणसं गेल्यावर.

आपल्या कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे काय झालं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तिथे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं मुद्दाम २१ बोअर खणून पाण्यावर लक्ष ठेवलं. २००५ च्या ५.१ तीव्रतेच्या भूकंपाच्या वेळी पाण्याची रसायनं बदललेली त्यांना दिसली. एवढं करूनही भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी कुणीच सांगू शकत नाही. मग मोबाइलवाल्याला ती कुठून कळणार?

पाऊस, शेजारचा नवा बोअर, गटाराची गळती, कशानंही पाणी बदलतं. म्हणून बदललेलं पाणी आधी प्यायचं बंद करा, तपासायला द्या. आणि उंच कपाट भिंतीला पक्कं करून घ्या, त्याला कुणाच्या मेसेजची वाट बघायला नको.

आम्ही आता गटाच्या वहीत एक पान बोअरसाठी ठेवलंय. दर सोमवारी रंग, वास आणि पाणी यायला किती वेळ लागला, एवढंच लिहितो. पहिली नोंद त्याच चाळीची आहे: पाणी स्वच्छ, वास नाही, नवा पाइप, खर्च अजून वाटून घ्यायचाय.