गेलेली सवय आणि जडलेली सवय

आज एका लहानशा इंग्रजी शब्दजोडीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. ती लहान खरी, पण एकदा तिने माझी चांगलीच फजिती केली.

कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. एका कचेरीत नोकरीसाठी अर्ज धाडला. आपण मेहनती आहोत हे ठसावे म्हणून मोठ्या ऐटीत लिहिले, ‘आय यूस्ट टु वर्क हार्ड.’ मुलाखतीचे बोलावणे आले. समोरच्या वयस्क गृहस्थांनी अर्जावरची नजर उचलली आणि शांतपणे मराठीत विचारले, “मग हल्ली सोडलेत वाटतं कष्ट करायचे?” मला काही उत्तर सुचेना. नोकरी मिळाली नाही. धडा तेवढा मिळाला.

मला म्हणायचे होते, ‘मला कष्टांची सवय आहे.’ आणि मी लिहून बसलो होतो, ‘मी पूर्वी कष्ट करीत असे.’

हा घोटाळा आपल्यापैकी पुष्कळांचा होतो. गंमत अशी की, तो टाळण्याची किल्ली आपल्या मराठीतच आहे. ‘आजोबा पहाटे उठत, नदीवर जात, येताना फुले आणीत.’ हा आपला रीतिभूतकाळ, शाळेत सर्वांनी घोकलेला. जेथे मराठीत ‘जात असे’, ‘करीत असे’ बसते, तेथे इंग्रजीत ‘यूस्ट टु’ बहुधा बसते : ‘ग्रँडफादर यूस्ट टु गो टु द रिव्हर.’ पूर्वी होते, आता नाही, असा त्याचा भाव. आड बुजवून तेथे चाळ उभी राहिली, तर म्हणावे, ‘देअर यूस्ट टु बी अ वेल हिअर.’

आता दुसरी जात पाहा. ‘आय अ‍ॅम यूस्ट टु हार्ड वर्क.’ मध्ये एक ‘अ‍ॅम’ काय आला, सगळा अर्थच फिरला! ही गेलेली सवय नव्हे, जडलेली सवय. हिच्यापुढे नाम येते, नाहीतर ‘इंग’ लावलेले क्रियापद : ‘आय अ‍ॅम यूस्ट टु वॉकिंग.’ मला चालण्याची सवय आहे. गावाहून मुंबईस नवा आलेला माणूस लोकलची गर्दी पाहून म्हणेल, ‘आय अ‍ॅम नॉट यूस्ट टु द क्राउड.’ दोन महिन्यांनी तोच म्हणेल, ‘आय अ‍ॅम गेटिंग यूस्ट टु इट.’ म्हणजे काय, तर गर्दी अंगवळणी पडते आहे.

तीन बारीक गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली उच्चाराची. ‘वापरला’ या अर्थी ‘यूज्ड’; येथे मात्र ‘यूस्ट’. त्यातला शेवटचा ‘ट’ पुढच्या ‘टु’मध्ये मिसळून जातो. कानाला तो वेगळा लागत नाही, म्हणून लिहिताना पुष्कळांचा ‘डी’ गळतो. तो गाळू नका. प्रश्न विचारताना मात्र ‘डिड’ पुढे येतो आणि ‘डी’ रजा घेतो : ‘डिड यू यूस टु सिंग?’

दुसरी गोष्ट, आजच्या सवयीला हा प्रयोग चालत नाही. ‘मी रोज फिरायला जातो’ याला ‘आय यूस टु गो’ म्हणू नये. ‘आय यूज्वली गो’ म्हणावे.

तिसरी, वेळा मोजल्या किंवा काळ मोजला की ‘यूस्ट टु’ नको. ‘मी तीनदा पुण्याला गेलो’, ‘मी पाच वर्षे नागपुरास राहिलो’, येथे साधा भूतकाळच बरा. ‘आय लिव्हड इन नागपूर फॉर फाइव्ह यीअर्स.’

हे सारे व्याकरणाचे झाले. पण परक्या मुलखातल्या स्नेह्याला पत्र लिहिताना कोणी लिहिले, ‘माय मदर यूस्ट टु सिंग,’ तर वाचणाऱ्याच्या मनात चर्र होईल. आईचा गळा बसला, की आईच राहिली नाही? इकडे आई तर स्वयंपाकघरात गुणगुणत असायची! ‘आई गात असे’ हे मराठीत ऐकतानाही आपल्याला असेच होते ना?

म्हणून आज रात्री दोन वाक्ये तयार करा बरं का. एक गेलेल्या सवयीचे, एक जडलेल्या सवयीचे. मोठ्याने म्हणा, घरच्यांना ऐकवा. आठवडाभर असे केलेत की तुम्हीही म्हणाल, ‘आय अ‍ॅम यूस्ट टु इट.’ आणि अर्जात ते वाक्य लिहाल, तेव्हा ‘अ‍ॅम’ तेवढा विसरू नका!