धोक्यांच्या यादीत आपलं नाव



परिषदेच्या स्वागताध्यक्षानं यजमान शहराची थोरवी गायची, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी ती थोडक्यात आटोपतो. 2005च्या सुरुवातीला भारताच्या डॉट इन नावांची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. त्याआधीची कितीतरी वर्षं देशाच्या या नावांची वही जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’त होती. डोमेन नावांच्या सुरक्षिततेवर दोन दिवस बोलायला मुंबईचा एवढा अधिकार पुरे.

सभागृहात विद्यार्थीही आहेत, म्हणून थोडं मागं जातो. इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळत असे. यंत्रं वाढली, फाइल आवरेना. तेव्हा 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ (डीएनएस) आखून कामाची वाटणी केली. मुळाशी रूट, त्याखाली डॉट कॉम, डॉट इन यांच्या रजिस्ट्री, आणि त्याखाली ज्याची नावं त्यानं सांभाळायची. कुणा एकाच्या माथी सगळं नाही. ही व्यवस्था एवढी वर्षं टिकली ती या वाटणीमुळे, असं माझं मत आहे.

धोक्यांची यादी करायला बसलं की पहिल्या ओळीत ‘रूट सर्व्हरवर हल्ला’ लिहिलं जातं. तसा हल्ला होऊन गेलेला आहे. 21 ऑक्टोबर 2002 रोजी तेराही रूट सर्व्हरवर एकाच वेळी नको त्या रहदारीचा मारा झाला. सुमारे तासाभरात तो ओसरला आणि सामान्य माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही. कारण डॉट कॉमचे नेमसर्व्हर कुठे आहेत, हे रूटकडून मिळालेलं उत्तर लोकांसाठी नावं शोधून देणारा रिझॉल्व्हर दोन दिवसांपर्यंत साठवून ठेवू शकतो. त्यानंतर एकच पत्ता अनेक ठिकाणच्या सर्व्हरांना देणारं एनीकास्ट पसरलं. आज त्या तेरा नावांमागे बारा संस्था आहेत आणि जगभर हजाराहून अधिक ठिकाणी त्यांचे सर्व्हर उभे आहेत. हा धोका यादीत राहू द्या, पण पहिल्या ओळीत नको.

पहिल्या ओळीत काय हवं? मी स्वीडनचं उदाहरण घेतो. 12 ऑक्टोबर 2009च्या रात्री तिथल्या रजिस्ट्रीनं डॉट एसईच्या नोंदींची नवी झोन फाइल चढवली. फाइल बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक चूक होती. नोंदींच्या शेवटी जे टिंब लागतं, ते पडलंच नाही. ते टिंब म्हणजे ‘नाव इथे संपलं’ ही खूण. ती नसल्यामुळे प्रत्येक नावापुढे आणखी एक डॉट एसई चिकटलं आणि देशातली सुमारे नऊ लाख डोमेन एका झटक्यात सापडेनाशी झाली. हल्लेखोर नाही, विषाणू नाही, परकी सत्ता नाही. दुरुस्त फाइल तासाभरात आली. पण चुकीची उत्तरं ठिकठिकाणच्या रिझॉल्व्हरांनी साठवून ठेवलेली, ती निघेपर्यंत दुसरा दिवस गेला. रूटवरच्या हल्ल्यात ज्या साठवणीनं जगाला तारलं, तिनंच इथे चूक लांबवली. धोक्याचं मोजमाप करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

4 ऑक्टोबर 2021ची रात्र तर इथे सर्वांना आठवत असेल. नऊनंतर आपल्याकडचं व्हॉट्सअॅप मुकं झालं. व्हॉट्सअॅप चालवणाऱ्या फेसबुकमध्ये देखभालीच्या एका आज्ञेनं त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं. डेटा सेंटरशी बोलणं होत नाही असं दिसताच त्यांच्या नेमसर्व्हरांनी, शिकवल्याप्रमाणे, स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतलं. सुरक्षिततेसाठी केलेली सोयच अंगाशी आली. दुरुस्ती करणाऱ्यांची हत्यारंही त्याच नावांवर अवलंबून होती, त्यामुळे माणसांना डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. सहाएक तास गेले.

(2002, 2009, 2016चा डीएनएस सेवा देणाऱ्या डाइन कंपनीवरचा हल्ला, 2021, आणि 20 ऑक्टोबर 2025 रोजी अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद रिकामी झाली तो दिवस: सगळे ऑक्टोबरातले. आपल्या ऑक्टोबर हीटशी याचा संबंध नसावा, पण रजेचे अर्ज मंजूर करताना मी हल्ली तारीख बघतो.)

हल्लेखोर नसतात असं मी म्हणत नाही. 2018-19 मध्ये मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या सरकारी खात्यांची डोमेन वळवली गेली. तिथे नेमसर्व्हर फोडायची गरजच पडली नाही. डोमेन नोंदवणाऱ्या रजिस्ट्रारकडची खाती हल्लेखोरांच्या हाती आली, त्यांनी नोंदी बदलल्या, ई-मेल स्वतःकडे वळवले, वर खरी सर्टिफिकेटंही मिळवली. वाड्याचा दिंडी दरवाजा भक्कम आणि किल्ली बाहेरच्या टपरीवर ठेवलेली, असा प्रकार.

आता आपल्या घराकडे येतो. नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात देशात सर्वाधिक आहेत. सर्व बँकांनी 31 ऑक्टोबर 2025पर्यंत बँक डॉट इन या डोमेनवर यावं, असा आदेश रिझर्व्ह बँकेनं दिला. बनावट संकेतस्थळं रोखायला तो योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. पण सगळ्या बँका एका छताखाली आल्या की त्या छताला गेलेला तडा सर्वांचाच होतो. त्यात लहान बँकांचे नेमसर्व्हर अनेकदा बाहेरचा कंत्राटदार सांभाळतो आणि एकाच कंत्राटदाराकडे अनेक बँका असू शकतात. अशा बँकेच्या व्यवस्थापकाला मी एवढंच विचारीन: रजिस्ट्रारचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर? यावर जर शांतता पसरली, तर ते उत्तर धोके मोजणाऱ्या कुठल्याही लाल-पिवळ्या-हिरव्या तक्त्यापेक्षा बोलकं आहे. त्या तक्त्यात आपण शक्यतेच्या अंदाजाला परिणामाच्या अंदाजानं गुणतो आणि आलेल्या आकड्याला विज्ञान म्हणतो.

मोजमाप नीट केलं तर काय होतं, याचाही दाखला आहे. रूटच्या नोंदी खऱ्या असल्याची सही करणारी मुख्य किल्ली 11 ऑक्टोबर 2017 रोजी बदलायची होती. काही रिझॉल्व्हरांकडे नवी किल्ली पोचलेली नाही, असं आकडेवारीत दिसलं. रूटचा कारभार पाहणाऱ्या आयकॅननं नामुष्कीची पर्वा न करता बदल पुढे ढकलला, वर्षभर पाठपुरावा केला आणि 11 ऑक्टोबर 2018 रोजी तो जवळजवळ निर्विघ्न पार पडला. या दोन दिवसांत हल्ल्यांच्या सुरस कथा पुष्कळ ऐकायला मिळतील. माझ्या मते पाठपुराव्याच्या त्या वर्षाचा अभ्यास अधिक मोलाचा आहे.

किल्लीचा पुढचा बदल 11 ऑक्टोबर 2026 रोजी ठरला आहे. तेव्हा विनंती एवढीच: परिषद संपवून घरी परतलात की आपापल्या रिझॉल्व्हरमध्ये नवी किल्ली आली आहे का, हे स्वतः उघडून पाहा. कंत्राटदाराला विचारून नव्हे. आणि आपल्याकडे झालेल्या बिघाडांच्या नोंदी, संस्थेचं नाव झाकून का होईना, आज दुपारच्या सत्रात मांडा. तिथे टाळ्या कमी पडतील, उपयोग जास्त होईल.