मासा, पाणी आणि हक्क : पूर्व कोलकात्याचा धडा

(महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर कोलकाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



काल आपण पूर्व कोलकात्यातील भेड्या पाहिल्या. भेडी म्हणजे बांध घालून अडवलेले, मत्स्यसंवर्धनासाठी वापरले जाणारे उथळ जलक्षेत्र. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेला मासा हा विकासाचा नमुना कसा मानायचा, असे आपल्यापैकी काहींनी मला विचारले. आजच्या विषयाचे सूत्र त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. संशोधनामुळे मत्स्योत्पादन वाढते. परंतु त्या वाढीतून गरिबी कमी होईल की नाही, हे पाणी कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते.

प्रथम थोडा सिद्धान्त पाहू. कॅनडाचे अर्थतज्ज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली असे दाखवून दिले, की जेथे मासेमारीस सर्वांना मुक्त प्रवेश असतो तेथे नौकांची संख्या वाढत जाते आणि अखेरीस उत्पन्न व खर्च समान होऊन कोणाच्याच हाती वाढावा उरत नाही. मासाही घटतो आणि मच्छीमारही गरीब राहतो. यावर सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी हेच दोन उपाय आहेत, असे दीर्घकाळ मानले जाई. स्थानिक समुदायही स्वतः नियम करून सामायिक संसाधने टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासाने सिद्ध केले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सांडपाण्यातून संपत्ती

कोलकात्याच्या पूर्वेस पूर्वी खाऱ्या पाण्याची सरोवरे होती. भरतीचे पाणी आणणारी विद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मच्छीमारांनी शहराचे सांडपाणी तळ्यांत घेऊन मासे वाढवण्याचे तंत्र विकसित केले. उथळ पाण्यावर भरपूर ऊन पडते, त्यामुळे शैवाल वाढते. शैवालापासून मिळणाऱ्या प्राणवायूच्या साहाय्याने जिवाणू सेंद्रिय घाणीचे विघटन करतात आणि रोगजंतूंची संख्या घटते. शैवाल व सूक्ष्मजीव हे माशांचे खाद्य बनते. बांधालगत राखलेली जलपर्णी लाटांपासून बांधाचे रक्षण करते. रोहू, कटला, मृगळ व तिलापिया शहराच्या बाजारात जातात आणि भेडीतून बाहेर पडणारे पाणी भातशेतीस मिळते.

हे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. त्याचा शास्त्रीय अर्थ जगापुढे मांडण्याचे श्रेय राज्य शासनाच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांना जाते. शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते, याचा शोध घेत ते येथे पोहोचले आणि मच्छीमारांकडूनच शिकले. १९९२ साली कोलकाता उच्च न्यायालयाने या क्षेत्राच्या भूवापरातील बदलावर निर्बंध घातले. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाला आणि २००६ साली राज्याने स्वतंत्र संरक्षण कायदा केला.

लाभ कोणाला?

तथापि कायद्याने पाणथळ जागेचे संरक्षण झाले म्हणजे मच्छीमाराचेही संरक्षण झाले, असे नाही. काही भेड्या सहकारी संस्थांकडे आहेत, तर बऱ्याचशा खासगी मालक वा भाडेपट्टेदारांकडे असून तेथे जाळे ओढणारा हा मजूर असतो. भेडी बुजवून तेथे इमारत उभी राहिली, तर जमिनीची किंमत मालकाला मिळते; मजुराची रोजी मात्र कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. गाळाने तळी उथळ होणे, सांडपाण्याचा पुरवठा अनिश्चित असणे आणि चर्मोद्योगातील क्रोमियमसारख्या धातूंचा धोका, हे प्रश्नही गंभीर आहेत. मासा खाण्यास सुरक्षित आहे किंवा नाही, याची नियमित तपासणी हे येथील संशोधनाचे पहिले कर्तव्य होय.

संशोधनाचे सामर्थ्य मोठे आहे, यात शंका नाही. येथून जवळच बराकपूर येथे १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्था कार्यरत आहे. या संस्थेतील हिरालाल चौधुरी यांना १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काच्या साहाय्याने प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन घडवण्यात यश आले. तोवर मत्स्यबीजासाठी नद्यांवर अवलंबून राहावे लागे. पुढे ते केंद्रांत तयार होऊ लागले आणि लहान तळ्याच्या मालकालाही बोटुकली मिळू लागली. म्हणूनच हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु या तंत्राचा लाभ ज्याच्याकडे तळे आहे त्यालाच मिळतो, हे विसरून चालणार नाही.

हाच प्रश्न आपल्या विदर्भातही आहे. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर भागातील मालगुजारी तलावांवर ढीवर समाजाची उपजीविका अवलंबून आहे. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेला किती वर्षांच्या ठेक्याने आणि किती रकमेस मिळतो, यावर सभासद तलावाची निगा राखील की वर्षभरात जमेल तेवढा मासा काढील, हे ठरते. गोंदिया जिल्ह्यात काही तलावांतील बेशरमाची झुडपे काढून ढीवर महिलांनी देशी जलवनस्पती लावल्या आहेत, माशांना पुन्हा अन्न व आसरा मिळावा म्हणून. हे श्रम करणाऱ्यांना पुढील वर्षीही तलाव आपल्याकडे राहील, याची खात्री हवी.

मित्रहो, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या चौदाव्या उद्दिष्टात लघु मच्छीमारांना संसाधने व बाजारपेठ उपलब्ध व्हावी, असे स्पष्ट म्हटले आहे. आपण परीक्षेसाठी ही उद्दिष्टे पाठ कराल आणि उद्या कदाचित प्रशासनात जाल. तेव्हा एखाद्या मत्स्ययोजनेची फाइल समोर आल्यास उत्पादनाच्या टनांबरोबर ठेक्याची मुदत, मजुराचा वाटा आणि पाण्याची शुद्धता यांचीही नोंद मागा. काल पहाटे छातीभर पाण्यात उभे राहून जाळे ओढणारी माणसे आपण पाहिलीत. त्यांचे उत्पन्न त्या फाइलमध्ये दिसत नसेल, तर ती फाइल अपुरी आहे, असे समजावे.