दोन बटणं



निवृत्त होईपर्यंत मी नक्की काय करत होतो, हे सकाळपासून सहा जणांनी विचारलं. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. हजार किंवा जास्त कामगार असले की कारखाना कायद्यानुसार असा माणूस ठेवावाच लागे. हेल्मेट घाला म्हणत फिरणारा आणि म्हणून कुणालाच न आवडणारा.

आमच्याकडे जुने पॉवर प्रेस होते. पत्रा साच्यात ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, मग प्रेस खाली येतो. दोन बटणं अशासाठी, की हात साच्याबाहेर राहावेत. पण नगावर हिशोब असला की एका बटणात पाचर मारून ते दाबलेलंच ठेवतात. एक हात मोकळा होतो, नग वाढतात.

अशाच एका रात्रपाळीत बिहारहून आलेल्या मुलाची तीन बोटं गेली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी चौकशीला आले. मी प्रशिक्षणाचं रजिस्टर पुढे केलं. त्याची सही, खाली माझी सही, तारीख, सगळं चोख. त्यांनी एवढंच विचारलं, "शिकवलं कुठल्या भाषेत?"

मराठीत. वीस मिनिटं.

भोपाळनंतर, १९८७ साली, कायद्यात कलम १११-अ आलं. धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क, असं ते सांगायचं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं!

त्या रात्री आपले सुतारकामाचे सर आठवले. "समजलं का?" असं ते कधी विचारत नसत, आपण "हो सर" म्हणणारच, हे त्यांना ठाऊक होतं. "करवत धरून दाखव," म्हणायचे.

मग मीही वर्ग बंद केला आणि प्रेसपाशी उभा राहिलो, मोडक्यातोडक्या हिंदीत. पत्रा अडकला तर काय करशील, ते नव्या माणसानं करून दाखवायचं, सही नंतर. अर्धा दिवस वाया जातो म्हणून वरचे कुरकुरले. पाचर सापडली की आधी सुपरवायझरला गाठायचो, कारण नगांचा आकडा तो ठरवायचा.

तो मुलगा पुढे आमच्याच स्टोअरला लागला. डाव्या हातानं लिहायला शिकला. नवी तुकडी आली की मी त्याला बोलवायचो, आणि पोरं माझ्यापेक्षा त्याचं ऐकायची.

रजिस्टरातलं ते पान मात्र मी त्याला कधीच दाखवलं नाही.