क्रोशाचा टॉप आणि तासांचा हिशेब

(महिला बचत गटांच्या प्रतिनिधी, शिक्षिका आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खानदेशातील उन्हाळा कसा असतो, हे जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, भर दुपारी रस्ते ओस पडतात आणि आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसुद्धा ऊन कलल्याशिवाय झोक्याकडे फिरकत नाहीत. अशा दिवसांत अंगावर सुती, सैल आणि वारा खेळेल असेच वस्त्र हवे. क्रोशाने विणलेला जाळीदार सुती टॉप हे असे एक वस्त्र आहे. कापूस आपल्या शिवारातला, आणि क्रोशाची सुई चालविणारे हात आपल्याच घरांतले. या हातांनी आजवर तोरणे विणली, ताटावरचे आणि टेबलावरचे रुमाल विणले. त्याच टाक्यांतून अंगात घालण्याचे वस्त्र कसे करावे आणि ते विकावयाचे झाल्यास त्याची किंमत कशी ठरवावी, या दोन गोष्टी मी आज आपणांपुढे मांडणार आहे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, आणि ग्रामपंचायत सदस्यांना येथे पाचारण करण्याचे कारणही तेच आहे.

सूत, सुई आणि नमुना

प्रथम सुताविषयी. लोकरीला ताणले तर ती पुन्हा आखडते. सुताला हा गुण फारसा नाही. जाड सुताचा घट्ट विणलेला टॉप स्वतःच्या वजनानेच खाली ओघळतो आणि अंगाला जड होतो. यास्तव उन्हाळी टॉपसाठी बारीक सूत घ्यावे, आकडीदार सुई सुताच्या मानाने किंचित जाड, म्हणजे अडीच ते तीन मिलिमीटरची घ्यावी आणि वीण जाळीची ठेवावी. एक खांब, एक साखळी, पुन्हा एक खांब, एक साखळी, एवढीच ही वीण आहे. रुमाल विणणाऱ्या कोणत्याही स्त्रीला ती परिचित असते.

तथापि रुमाल चार बोटे लहान झाला तरी चालतो. टॉप लहान झाला तर तो वाया जातो. म्हणून प्रारंभी हातभर लांबीचा नव्हे, तर वीतभर लांबी-रुंदीचा नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मगच मोजावा. सुती वीण पहिल्या धुण्यात आटू शकते. धुण्याआधी घेतलेले माप त्यामुळे फसवे ठरते.

एक उदाहरण घेऊ. छातीचा घेर ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर आहे. त्यात सैलपणासाठी ७ सेंटिमीटर मिळविले की ९८ होतात. पुढचा व मागचा असे दोन सारखे चौकोनी भाग करावयाचे असल्याने प्रत्येकाची रुंदी ४९ सेंटिमीटर येते. नमुन्यात १० सेंटिमीटरला २० टाके आणि १० ओळी बसत असतील, तर रुंदीला ९८ टाके लागतील. ओळ खांबाने सुरू होऊन खांबानेच संपावी म्हणून ते ९९ करावेत. उंची ५० सेंटिमीटर धरल्यास ओळी ५० होतात. दोन्ही भाग विणून झाले की खांद्यावर दोन्ही बाजूंनी बारा-बारा सेंटिमीटर जोडावे. मधला मोकळा भाग हाच गळा. बगलेखालच्या बाजू शिवताना वर २० सेंटिमीटर जागा हातांसाठी सोडावी. गळ्याला, हातांना आणि खालच्या काठाला मुक्या खांबाची एक ओळ फिरविली की काठ पसरत नाही. आत सुती शमीज घातली म्हणजे टॉप तयार.

टाके मोजा, तास मोजा

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. एका भागात ९९ टाक्यांच्या ५० ओळी, म्हणजे ४,९५० टाके. दोन भागांत ९,९००. सराव असलेल्या हाताने मिनिटाला सरासरी १० टाके पडतात असे धरले, तर ९९० मिनिटे, म्हणजे साडेसोळा तास होतात. जोडणी, काठ, सुताची टोके लपविणे आणि धुऊन बसविणे यांचे साडेतीन तास धरले की एका टॉपला २० तास लागतात.

हे २० तास कोणाच्या वहीत लिहिलेले असतात काय? कापूसवेचणीचे उदाहरण पाहा. तेथे भाव किलोवर असतो. सकाळी शेतात गेलेल्या बाईचा कापूस सायंकाळी काट्यावर तोलला जातो आणि दिवसाचे काय मिळाले ते तिला समजते. मिळालेले कमी असेल, तर कमी मिळाले हेही तिला समजते. क्रोशाचे तसे नाही. भाजी शिजेपर्यंत दोन ओळी, मूल झोपले की चार ओळी, रात्री भांडी आवरल्यावर आणखी काही, असे ते काम चालते. दिवसाला आरंभ नाही आणि शेवटही नाही. म्हणून विकत घेणारा म्हणतो, "हे तर फावल्या वेळातले काम," आणि विणणारीही तेच म्हणते.

या एका वाक्याने केवढी हानी होते, हे आंध्र प्रदेशातील नरसापूरने दाखविले आहे. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागात क्रोशाची लेस विणण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आणि तेथील लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या स्त्रिया 'गृहिणी' म्हणूनच गणल्या जात होत्या, त्यांची मिळकत अत्यल्प होती आणि नफा व्यापाऱ्यांच्या हाती जात होता, हे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मानांकन वस्तूला मिळते, तास मात्र आपले आपणच मोजावे लागतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कापड माग विणतो, स्वेटर यंत्र विणते. परंतु खरा क्रोशाचा टाका आजही हातानेच घालावा लागतो. बाजारातील यंत्रनिर्मित जाळी क्रोशासारखी दिसते, मात्र तिची वीण निराळी असते. म्हणून दुकानात अस्सल क्रोशाचा टॉप फार स्वस्त दिसला, तर कोणाच्या तरी हातांना त्याची पुरती मजुरी मिळालेली नाही, असे खुशाल समजावे.

आपल्याच भूमीतील दाखला

मग मजुरी किती असावी? यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली, १९७७ साली तिचा कायदा केला. त्या कामावर स्त्री आणि पुरुष यांना दर एकच. २०२४-२५ साली राज्यात ही मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दिवस आठ तासांचा धरला, तर २० तासांचे अडीच दिवस होतात आणि त्यांची मजुरी ७४२ रुपये ५० पैसे येते. सुताचा खर्च याहून वेगळा. समजा, एखादा व्यापारी सूत देऊन एका टॉपची मजुरी ४०० रुपये सांगत असेल, तर तासाला २० रुपये पडले. माती उचलण्याच्या कामाला तासाला सुमारे ३७ रुपये आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने साधलेल्या कलेला २०, हा व्यवहार कोणत्या न्यायाचा?

हा विचार नवा नाही. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहाने अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्या स्त्रियांना आठ तासांच्या कामावर आधारलेली किमान मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. खादी महाग होईल, अशी भीती तेव्हाही अनेकांना वाटली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले आणि त्यासोबत खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. खानदेशच्या मातीला हा विषय परका नाही.

काय करता येईल

भाव गिऱ्हाइकाला परवडत नसेल, तर टाके कमी करावेत; मजुरी कमी करू नये. सात-आठ वर्षांच्या मुलीचा टॉप ६७ टाक्यांच्या ४० ओळींत होतो. दोन्ही भागांचे मिळून ५,३६० टाके, म्हणजे विणकामाचे सुमारे नऊ तास. मोठ्या टॉपच्या १० ओळी कमी केल्या, तर तीन तासांहून अधिक वेळ वाचतो. हे गणित शिक्षिकांनी पाचवी-सहावीच्या वर्गात जरूर घालावे. गुणाकार आणि आईचे काम, दोन्ही एकदम शिकता येतील.

बचत गटांना माझी विनंती आहे की, बचतीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा : वस्तू, टाके, तास. सूत एकत्रित घ्यावे आणि दर तासाप्रमाणे, गटाने मिळून ठरवावा. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ किंवा 'उमेद' अभियान यांच्याशी जोडलेल्या गटांना नोंदवही नवी नाही, केवळ रकाना नवा आहे. ग्रामपंचायतींनी उन्हाळ्याच्या दुपारी समाजमंदिर या भगिनींसाठी उघडे ठेवावे, तेथे पंखा व पिण्याचे पाणी असावे आणि रोजगार हमीचा चालू दर भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा. एकत्र बसून केलेले काम दिसते, आणि दिसणाऱ्या कामाला 'फावल्या वेळातले' म्हणणे कठीण जाते.

घरी गेल्यावर सुई हाती घ्याल तेव्हा शेजारी घड्याळ ठेवावे आणि पहिल्या ओळीची वेळ लिहून ठेवावी, एवढेच आज मागतो.